परळीला कोळसा आणावा, की तयार वीज आणावी?

गंगाखेडकर

नमस्कार. परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्राविषयी एक प्रश्न येथे चर्चेसाठी ठेवतो आहे. परळीच्या परिसरात कोळशाची खाण नाही, बारमाही वाहणारी नदी नाही, आणि तरीही १९७१ पासून तेथे कोळशावर वीज तयार होते आहे. सुरुवातीचे ३० मेगावॅटचे दोन संच आणि नंतरचे २१० मेगावॅटचे तीन संच आता सेवेतून बाहेर पडले असून २००७, २०१० आणि २०१६ साली सुरू झालेले २५० मेगावॅटचे तीन संच, म्हणजे एकूण ७५० मेगावॅटची क्षमता, आज उभी आहे. तिच्यासाठी लागणारा कोळसा वर्धा खोऱ्यातून, तेलंगणातील सिंगरेणीच्या खाणींतून आणि गरज पडल्यास त्याहूनही लांबून मालगाडीने आणला जातो.

माझ्या मते ही सगळी उलटी गंगा आहे. चंद्रपूरला खाणींच्या तोंडाशी २,९२० मेगावॅटचे केंद्र असताना तेथेच आणखी संच उभारून वीज तारांवरून मराठवाड्यात आणणे अधिक शहाणपणाचे ठरले असते. परळीचे केंद्र चालले पाहिजे हा आग्रह आपण आर्थिक हिशेबाने धरतो, की आपल्या भागातला एकुलता एक मोठा प्रकल्प म्हणून धरतो? रेल्वे, वीज आणि शेती या क्षेत्रांतील सदस्यांनी आपापल्या अनुभवातून उत्तर द्यावे, ही विनंती.

रूळमित्र_पूर्णा

उलटी गंगा आहे की सुलटी, हे ठरवण्याआधी ती केवढी आहे ते मोजू.

२५० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला, तर ६० लाख युनिट वीज तयार होते. आपल्याकडील कोळशाचा दर्जा पाहता एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो असे धरले, तर एका संचाला दिवसाला ४,२०० टन लागतात. मालगाडीच्या एका रेकला ५८ किंवा ५९ उघड्या वॅगन असतात आणि त्यांतून ३,८०० ते ४,००० टन कोळसा येतो. म्हणजे एका संचाला रोज एक रेक पुरता पुरत नाही, आणि तिन्ही संच पुऱ्या भाराने चालले तर रोज तीनहून थोडे अधिक रेक लागतात. भरलेला रेक जितका वेळ मार्ग अडवतो तितकाच रिकामा परतणाराही अडवतो, त्यामुळे रोज सहा-सात मालगाड्यांची ये-जा केवळ या केंद्रासाठी धरून चालावे लागते.

वणीकडचा कोळसा जवळच्या मार्गाने यायचा झाला, तर तो पिंपळखुटी, आदिलाबाद, किनवट, हिमायतनगर, भोकर, मुदखेड, नांदेड, पूर्णा, परभणी असा फिरून गंगाखेडमार्गे परळीत शिरतो. सिंगरेणीचा कोळसा काझीपेठ, सिकंदराबाद, विकाराबाद करून बिदर, उदगीर, लातूर रोड या अंगाने येऊ शकतो. दोन्ही बाजूंनी परळीच्या अलीकडचा बराचसा टप्पा एकेरी रुळांचा आहे. एकेरी मार्गावर समोरून प्रवासी गाडी येत असेल, तर मालगाडीला कोणत्या तरी लहान स्थानकाच्या बाजूच्या रुळावर उभे राहावे लागते, आणि तिथून तिला पुन्हा मोकळा मार्ग कधी मिळेल हे नियंत्रण कक्षातील माणसालाही आधी सांगता येत नाही. नकाशावरचे अंतर पाहून वाहतुकीचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

खवचट_वैजनाथकर

परळीत कोळसा बाहेरून येतो, पाणी बाहेरून येते आणि आश्वासनेही बाहेरूनच येतात. अस्सल स्थानिक उत्पादन म्हणाल तर ते राखेचे.

निवृत्त_सीएचपी

गंगाखेडकर सर, मी महाराष्ट्रातील एका औष्णिक केंद्राच्या कोळसा हाताळणी विभागात, ज्याला आम्ही सीएचपी म्हणतो, बरीच वर्षे काढली आहेत. केंद्राचे नाव घेत नाही. रूळमित्रांनी रेक फाटकापर्यंत आणून सोडला आहे, त्यापुढचे मी सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटते की गाडी आली म्हणजे कोळसा आला.

उघडी वॅगन रिकामी करण्यासाठी वॅगन टिपलर नावाचे यंत्र असते. रेकमधून एकेक वॅगन सोडवून टिपलरच्या पाटावर आणतात, ती वरून आणि बाजूने पकडून ठेवतात, आणि रुळासकट संपूर्ण पाट फिरवून वॅगन जवळजवळ उलटी करतात. खाली लोखंडी जाळी असते. जाळीतून गेलेला कोळसा पट्ट्यांवरून क्रशरकडे आणि तेथून बंकरकडे, म्हणजे बॉयलरजवळच्या साठवण-कोठीकडे, जातो. जाळीवर अडकलेले मोठे दगड आणि ढेपा माणसे घणाने फोडतात. हे सगळे सुरळीत चालले तर रेक काही तासांत मोकळा होतो.

पावसाळ्यात मात्र हिशेब बिघडतो. चार दिवस भिजत आलेला बारीक कोळसा चिखलासारखा होतो, वॅगन उलटी केली तरी तळाला आणि कोपऱ्यांना धरून राहतो, मग पहारी घेऊन माणसे आत उतरवावी लागतात. जाळीतून तो पुढे सरकलाच, तर पट्ट्यावरून घसरतो किंवा चुट, म्हणजे कोळसा खाली सोडणारी घसरण, तुंबवतो. एकीकडे बंकरची पातळी खाली चाललेली असते, कंट्रोल रूममधून दर पाच मिनिटांनी फोन येत असतो, आणि दुसरीकडे बाहेरच्या रुळावर पुढचे दोन रेक येऊन उभे असतात. रेल्वेने दिलेली ठरावीक मुदत संपली की प्रत्येक वॅगनमागे दर तासाला डेमरेज, म्हणजे खोळंब्याचा दंड, लागू होते. अंगणात दोन रेक उभे असताना बंकर रिकामा पडून संचाचा भार कमी करावा लागल्याचे प्रसंग मी पाहिले आहेत. त्या दिवशी वर्तमानपत्रात मात्र ‘कोळशाचा तुटवडा’ असे छापून येई.

म्हणून माझे म्हणणे असे, की चारशे-पाचशे किलोमीटर रुळांवर बोलताना शेवटच्या पाचशे मीटरांवरही तितकेच बोलावे. तळ उघडणाऱ्या वॅगन असतील, तर टिपलरची गरजच राहत नाही. त्या खड्ड्यावरून हळूहळू पुढे नेत रिकाम्या करता येतात. परंतु त्या वॅगन खाण आणि केंद्र यांच्यात बांधलेल्या ठरावीक फेऱ्यांसाठी सोयीच्या असतात. ज्या केंद्राला आज या खाणीचा आणि उद्या त्या खाणीचा कोळसा मिळतो, त्याच्या वाट्याला येईल ती वॅगन येते.

अंबाजोगाईकर_देशपांडे

चंद्रपूरलाच सगळे उभारायला हवे होते, हे आज म्हणणे सोपे आहे. १९७१ साली आजच्यासारखे उच्च दाबाच्या वाहिन्यांचे जाळे राज्यात नव्हते. लांबच्या टोकाला वीज पोहोचेपर्यंत दाब इतका घसरत असे की विहिरीवरची मोटर उचलत नसे. अशा काळात मागास भागाच्या मध्यभागी एक केंद्र उभारणे हा निर्णय भावनेचा म्हणता येणार नाही. पुढे १९८४ च्या दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला, तेव्हा ग्रामीण विद्युतीकरण हे त्यातले एक स्वतंत्र क्षेत्र होते, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे. २१० मेगावॅटचे तीन संच १९८० ते १९८७ या काळातले आहेत, हेही या संदर्भात पाहावे.

दुसरी गोष्ट अशी, की चंद्रपूरच्या लोकांनी धूर आणि धूळ सहन करायची आणि आपण स्वच्छ तारेवरची वीज वापरायची, ही मागणी करताना थोडा संकोच वाटायला हवा.

तारायंत्री

देशपांडे काकांच्या दुसऱ्या मुद्द्याशी सहमत आहे, पहिल्याशी अर्धाच. १९७१ चे कारण तेव्हा बरोबर होते म्हणून ते २००७ सालीही बरोबर होते, असे ठरत नाही. मधल्या काळात चंद्रपूर ते पडघे ही ५०० किलोव्होल्टची एकदिश (डीसी) प्रवाहाची वाहिनी उभी राहिली. सुमारे ७५० किलोमीटर लांबीची आणि १,५०० मेगावॅट वाहून नेणारी ही वाहिनी १९९९ पासून चालू आहे. विदर्भाची वीज मुंबईच्या दारात नेता येते, तर मराठवाड्यात का आणता येणार नाही? राज्याच्या पारेषण जाळ्यातील गळती तीन टक्क्यांच्या आसपास असते. याउलट कोळसा रेल्वेने आणताना त्यात ३५ ते ४० टक्के राख असते. म्हणजे ३,८०० टनांच्या एका रेकमध्ये तेराशे ते पंधराशे टन माल असा असतो, की जो जळणारच नाही आणि ज्याचे रेल्वेभाडे मात्र पूर्ण भरलेले असते. तारेतून राख येत नाही.

तरीही मी परळी बंद करा असे म्हणणार नाही, आणि त्याचे कारण विजेच्या दाबाचे आहे. रब्बीत मराठवाड्यातले लाखो कृषिपंप एकाच वेळी चालू होतात, तेव्हा जाळ्याचा दाब खाली ओढला जातो. जवळ एखादे मोठे जनित्र फिरत असले, तर ते दाब सावरून धरते. हे काम लांबून आणलेली वीज तितक्या चांगल्या रीतीने करू शकत नाही. गिरवलीच्या ४०० केव्ही उपकेंद्रासारखी ठिकाणे आणि त्यांतील दाब सावरणारे कपॅसिटर, रिअॅक्टर यांनी हा प्रश्न बराच हलका केला आहे, पण पूर्ण संपवलेला नाही.

कापूसवाला_सोनपेठ

तारेतून राख येत नाही हे खरे, परंतु तार आमच्या शेतातून येते. मनोऱ्याखाली गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी किती खेटे घालावे लागतात, हे ज्याच्या बांधावर मनोरा आहे त्यालाच विचारावे.

हिशेबनीस_लातूर

आतापर्यंतच्या चर्चेत एक गोष्ट आलेली नाही, आणि परळीचा खरा निकाल तिच्यावर लागतो असे मला वाटते.

कोणते संच चालवायचे हे कोळसा आहे की नाही एवढ्यावरच ठरत नाही. राज्य भार प्रेषण केंद्र प्रत्येक संचाच्या बदलत्या खर्चाची, म्हणजे मुख्यतः इंधनखर्चाची, चढत्या क्रमाने यादी करते. स्वस्त संच आधी, महाग संच नंतर. मागणी जेथे पूर्ण होते, त्याच्या खालचे संच थांबून राहतात. चंद्रपूरच्या कोळशाला जवळजवळ भाडेच नाही. परळीला तोच कोळसा आणला तरी त्यावर भाडे चढते. समजण्यापुरते धरा की एका टनाला १,००० रुपये भाडे पडले. एका टनात सुमारे १,४०० युनिट वीज होते, म्हणजे प्रत्येक युनिटवर सत्तर पैशांच्या आसपास भार केवळ रुळांचा. यंत्रे कितीही चांगली चालवली तरी हे सत्तर पैसे कोणत्याही अभियंत्याला वाचवता येत नाहीत. त्यामुळे पावसाळ्यात किंवा मागणी कमी असताना पहिली कुऱ्हाड पडते ती अशा लांबच्या केंद्रांवर.

आता खरी कोंडी पाहा. केंद्र चालो वा न चालो, त्याच्या भांडवलाचा, व्याजाचा आणि पगाराचा स्थिर आकार असतो आणि तो ग्राहकांच्या दरातून वसूल होतो, परंतु संच ‘उपलब्ध’ असेल तरच पूर्ण वसूल होतो. उपलब्ध राहायचे तर अंगणात कोळसा हवा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२१ च्या निकषांप्रमाणे खाणीपासून दूर असलेल्या केंद्राने महिन्यानुसार २० ते २६ दिवसांचा साठा ठेवायचा असतो. तिन्ही संचांचा विचार केला, तर हा साठा दोन लाख टनांच्या वर जातो. म्हणजे ज्या संचाला कदाचित बोलावणेच येणार नाही, त्याच्यासाठी दोन लाख टन कोळशात पैसे गुंतवून ठेवायचे. निवृत्त_सीएचपी साहेब, इतके दिवस पडून राहिलेल्या कोळशाचे काय होते, ते आपण सांगावे.

निवृत्त_सीएचपी

तो आतल्या आत तापतो. हवेतील प्राणवायूशी त्याची संथ क्रिया चालू असते आणि ढिगाऱ्याच्या पोटातली उष्णता बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कडेच्या उतारावरून पहाटेच्या वेळी धुराची बारीक रेघ दिसू लागते. ती दिसली की तेथला कोळसा उकरून पसरायचा, पाणी मारायचे आणि निवल्यावर डोझरने पुन्हा दाबून घ्यायचा, जेणेकरून आत हवा शिरणार नाही. तसाच धगधगता कोळसा पट्ट्यावर गेला, तर रबराचा पट्टा जळतो आणि मग सगळेच थांबते. आग लागली नाही तरी पडून राहिलेल्या कोळशाची उष्णता हळूहळू घटतच असते. म्हणून जुना आधी उचलायचा हा नियम असतो. परंतु घाईच्या दिवसांत रेकमधून उतरलेला ताजा कोळसा थेट बंकरला देणे सोपे पडते आणि जुना ढीग तसाच राहतो.

उदगीरची_लेक

मी प्रवाशांच्या बाजूने दोन शब्द लिहिते. एप्रिल आणि मे २०२२ मध्ये देशभर कोळशाची टंचाई झाली, तेव्हा कोळशाच्या गाड्यांना वाट मोकळी करून देण्यासाठी रेल्वेने अनेक प्रवासी गाड्या रद्द केल्या होत्या. आमच्यासारख्या भागात, जेथे दिवसभरात मोजक्या गाड्या असतात, तेथे एखादी गाडी उशिरा सोडली जाणे म्हणजे परीक्षा, दवाखाना किंवा कोर्टाची तारीख चुकणे असते. वीज सर्वांना हवी हे मान्य आहे, पण रुळांचा हा भार कोणाच्या वेळेतून वसूल होतो, हेही कोणी मांडले पाहिजे.

रूळमित्र_पूर्णा

ताई, आपली तक्रार रास्त आहे. एक बाजू फक्त नोंदवतो. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाच्या दृष्टीने निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या कोळशाचा आहे आणि प्रवासी भाड्यातली तूट बऱ्याच अंशी मालभाड्यातून भरून निघते. आपण स्वस्त तिकिटावर जो प्रवास करतो, त्याचा काही भाग वीज ग्राहक भरत असतो. मार्ग दुहेरी करणे हाच यावरचा खरा उपाय आहे. परभणी ते मुदखेड दुहेरीकरण झाल्यापासून त्या टप्प्यावरची कोंडी पुष्कळ सुटली.

उदगीरची_लेक

म्हणजे मी गाडीची वाट पाहत स्थानकावर बसलेली असताना माझ्या घरचे वीजबिल माझ्या तिकिटाला हातभार लावत असते. हे कळल्याने पुढच्या वेळी वाट पाहणे सुसह्य होईल.

मांजराकाठ

सर्वांनी कोळशावर लिहिले. मराठवाड्यात बसून पाण्याचा मुद्दा मागे राहावा, याचे आश्चर्य वाटते. परळीचे केंद्र फेब्रुवारी २०१३ मध्ये कोळशाअभावी बंद पडले नव्हते, पाण्याअभावी पडले होते, आणि २०१५ सालीही तीच पाळी आली. केंद्राला पाणी पुरवणाऱ्या गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी यायचे ते वरच्या धरणांतून सोडले तर, आणि ज्या वर्षी माजलगाव व जायकवाडीच तळ गाठतात त्या वर्षी माणसांना प्यायला द्यावे की बाष्पकाला (बॉयलरला) द्यावे, या प्रश्नाला एकच उत्तर असते.

रूळमित्रांच्या पद्धतीने मीही एक हिशेब मांडतो. डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार शीतकरण मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांना प्रति मेगावॅट-तास ३.५ घनमीटर ही पाणीवापराची कमाल मर्यादा आहे. ७५० मेगावॅट पूर्ण भाराने चोवीस तास चालले आणि ही मर्यादा गाठली, तर दिवसाला सुमारे ६ कोटी ३० लाख लिटर पाणी होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, ती आपणा सर्वांना आठवते. पन्नास वॅगनची ती गाडी एका खेपेला २५ लाख लिटर पाणी आणत असे. या हिशेबाने परळीला रोज अशा पंचवीस गाड्या लागतील. कोळशाचे मात्र तीन-सव्वातीन रेक पुरतात. तेव्हा रुळांनी एक अडचण सोडवता येते, दुसरी येत नाही. हा मुद्दा गंगाखेडकरांच्या बाजूने जातो, कारण वर्धा-इरई खोऱ्यात पाण्याची टंचाई कधीच नसते असे नाही, परंतु परळीइतकी ती नेमेचि येत नाही.

खवचट_वैजनाथकर

पंचवीस पाण्याच्या गाड्या, तीन कोळशाच्या गाड्या आणि त्यांच्या रिकाम्या परतीच्या फेऱ्या. उदगीरच्या ताईंनी आता बैलगाडीची चौकशी करावी.

वीटभट्टी_ते_राखवीट

राखेचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी पूर्वी मातीच्या विटा भाजत असे, आता राखेच्या विटा पाडतो. राख, चुना किंवा सिमेंट आणि कच यांचे मिश्रण दाबयंत्रात घालून वीट होते, भाजावी लागत नाही, पाणी मारून ठेवावी लागते. धुरांड्याआधीच्या संयंत्रात पकडलेली कोरडी बारीक राख सिमेंटवाल्यांना हवी असते आणि ती बंद टँकरने जाते. आमच्यासारख्यांना तळ्यातली ओली राख चालते. १९९९ पासून राखेच्या वापराविषयी केंद्राच्या अधिसूचना आहेत, त्यामुळे आमच्यासारखे धंदे उभे राहिले हे नाकारत नाही.

परंतु दुसरी बाजूही आहे. आमच्या गावावरून राखेचे हायवा डंपर जातात. राख कोणत्या केंद्राची आणि ठेका कोणाचा, यात मी शिरत नाही. वर ताडपत्री नीट बांधलेली नसते. रस्त्याकडेच्या पहिल्या पाच-सहा ओळींतल्या फुटलेल्या कापसाच्या बोंडांवर करडा थर बसतो, वेचणीच्या बायकांची बोटे काळी होतात, आणि व्यापारी मूठभर कापूस उचलून उजेडात धरतो व काही न बोलता भाव पाडतो. तारायंत्रींनी म्हटल्याप्रमाणे एका रेकमागे तेराशे टन राख निघत असेल, तर रेल्वेने आलेले हे ओझे शेवटी रस्त्याने बाहेर पडते. कोळसा रेल्वेने आणता, तर राखही रेल्वेने का नेत नाही? वॅगन रिकाम्या तर जातातच.

रूळमित्र_पूर्णा

त्याच वॅगन राखेला चालणार नाहीत. उघड्या वॅगनमधून कोरडी राख नेली तर आपल्या गावाऐवजी सगळ्या मार्गावरच्या गावांचा कापूस करडा होईल. त्यासाठी झाकलेल्या किंवा टाकीच्या वॅगन आणि दोन्ही टोकांना भरण्या-उतरवण्याची यंत्रणा लागते. शिवाय जो रेक राख भरायला थांबेल, तो खाणीवर उशिरा पोहोचेल आणि पुढच्या कोळशाची फेरी चुकेल. लांबवरच्या सिमेंट कारखान्यांसाठी असे रेक चालवणे जमते, विटांसाठी ते परवडणार नाही.

कोळसापारखी

निवृत्त_सीएचपी साहेबांनी जाळीवरच्या दगडांचा उल्लेख केला. त्यात दर्जाची सगळी भांडणे आली.

वीज केंद्रांत जळणाऱ्या बिगर-कोकिंग कोळशाच्या जी-१ ते जी-१७ अशा सतरा प्रती आहेत आणि साधारणपणे किलोमागे उष्णतेच्या दर ३०० किलोकॅलरीला एक प्रत बदलते. खाण एक प्रत सांगते, केंद्राच्या प्रयोगशाळेत एखाद-दोन पायऱ्या खालची निघते, म्हणून भरताना त्रयस्थ संस्थेकडून नमुने घेण्याची पद्धत आली. तरीही वाद मिटत नाहीत, कारण एक तर वॅगनच्या वरच्या थरातला नमुना तळाचे खरे सांगेलच असे नाही, आणि दुसरे म्हणजे ओलावा. भिजलेला कोळसा वजनाला भरतो, उष्णतेला कमी पडतो. बाष्पकात गेल्यावर आधी ते पाणी उडवण्यातच उष्णता खर्च होते. मिलमध्ये कोळसा चेहऱ्याच्या पावडरीइतका बारीक दळून हवेबरोबर भट्टीत फुंकायचा असतो. तो ओला किंवा दगडमिश्रित असेल, तर मिलची क्षमता घटते, ज्योत डळमळते आणि ती टिकवण्यासाठी तेल जाळावे लागते. तेलाचा खर्च कोळशाच्या कितीतरी पट. हिशेबनीस साहेबांच्या सत्तर पैशांत ही भर धरलेली नाही.

पूर्वी ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या केंद्रांना ३४ टक्क्यांपेक्षा अधिक राखेचा कोळसा पाठवू नये, असा नियम होता. २०२० मध्ये तो काढला गेला. धुतलेल्या कोळशाचा खर्च आणि वाया जाणारा माल यांची कारणे त्यामागे होती व ती अगदीच पोकळ नव्हती, परंतु लांबच्या केंद्रासाठी दगड वाहण्यावरचा एक लगाम सैल झाला, हे खरे.

तारायंत्री

सौर विजेचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून थोडक्यात. कृषिपंपांना दिवसा सौर वीज देण्याचे धोरण जसजसे वाढेल, तसतशी मी वर सांगितलेली दाबाची अडचण दिवसा कमी होईल आणि संध्याकाळच्या चार-पाच तासांपुरती औष्णिक वीज अधिक मोलाची ठरेल. औष्णिक संच दुपारी ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणून संध्याकाळी पुन्हा चढवणे अपेक्षित आहे. पूर्ण थांबवलेला गार संच पुन्हा सुरू करायला मात्र बरेच तास आणि बरेच तेल लागते. म्हणून परळीचा एखादा संच कमी भाराने का होईना फिरता ठेवणे आणि सर्व संच बंद ठेवून गरजेला उठवणे, यांतील फरकाची किंमत काढली पाहिजे. ती केवळ प्रति युनिट इंधनखर्चाच्या यादीत दिसत नाही.

गंगाखेडकर

सर्वांचे आभार. चर्चा वाचून माझा प्रश्न मी अधिक नेमका करतो. नवा संच परळीत उभारू नये, या मतावर मी कायम आहे आणि मांजराकाठ यांच्या हिशेबाने ते पक्के झाले. परंतु उभ्या असलेल्या ७५० मेगावॅटचे काय करायचे, हा वेगळा प्रश्न आहे, कारण त्यांचा स्थिर आकार आपण भरतोच आहोत. ते स्वस्तात चालवता यावेत यासाठी भाडे, दर्जा, उतरवणी आणि साठा यांपैकी आधी कशाला हात घालावा? आणि अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेमार्ग पूर्ण झाल्यावर कोळशाच्या वाहतुकीला काही फायदा होईल का? आमच्याकडे तशी चर्चा ऐकू येते.

हिशेबनीस_लातूर

भाडे केंद्राच्या हातात नाही. जवळची खाण बांधून मिळणे हे मात्र धोरणाने साधते. लांबच्या खाणीचा करार जवळच्या खाणीशी अदलाबदल करण्याची सोय केंद्र सरकारने गेल्या दशकात केली, तिचा लाभ जितका घेता येईल तितका घ्यावा. महानिर्मितीला, म्हणजे ही केंद्रे चालवणाऱ्या राज्याच्या कंपनीला, छत्तीसगडमध्ये गारे पाल्मा-२ ही स्वतःची खाण मिळाली आहे, पण तेथून परळीपर्यंतचे अंतर पाहता तो कोळसा विदर्भातील केंद्रांनी वापरावा आणि त्यांच्या वाट्याचा वर्धा खोऱ्यातील कोळसा इकडे वळवावा, हे अधिक सोयीचे होईल.

निवृत्त_सीएचपी

माझे उत्तर उतरवणी. पावसाळ्याआधी टिपलर, पट्टे आणि क्रशर यांची डागडुजी पूर्ण करणे आणि कोरड्या कोळशाचा काही भाग छपराखाली राखून ठेवणे, याला लागणारा पैसा एका पावसाळ्याच्या डेमरेज आणि तेलाच्या खर्चापुढे फार नसतो. तो मंजूर करून घ्यायला मात्र दोन पावसाळे जातात.

रूळमित्र_पूर्णा

अहिल्यानगर ते बीड रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, सुरू झाली. बीड ते परळी टप्पा व्हायचा आहे. कोळशाला त्याचा थेट उपयोग नाही, कारण कोळसा पूर्वेकडून येतो आणि हा मार्ग पश्चिमेला जातो. अप्रत्यक्ष उपयोग असा, की मनमाड-दौंडकडे जाणारी काही वाहतूक त्या अंगाने वळली तर परभणीकडच्या मार्गावर थोडी जागा होईल. राखवीटवाल्यांना मात्र त्यात अधिक रस असावा. पश्चिमेकडच्या बांधकामाच्या बाजारपेठेला परळीची राख रेल्वेने जायची झाली, तर ती याच मार्गाने जाईल. परळीत राख भरण्याचा स्वतंत्र रूळ आत्ताच आराखड्यात मागितला, तर मिळण्याची शक्यता आहे, मार्ग पूर्ण झाल्यावर मागितला तर नाही.

वीटभट्टी_ते_राखवीट

ही मागणी कोणाकडे आणि कोणत्या नमुन्यात करायची, ते सांगावे. आमच्या तालुक्यातील राखविटा पाडणाऱ्यांच्या सह्या मी गोळा करतो.

रूळमित्र_पूर्णा

मंडल व्यवस्थापकांच्या नावे अर्ज, सोबत वर्षाला किती टन माल जाईल याचा लेखी अंदाज आणि घेणाऱ्याचे पत्र. टनांचा आकडा नसलेला अर्ज कोणी वाचत नाही. मसुदा मी आपल्याला व्यक्तिगत संदेशातून पाठवतो.

कापूसवाला_सोनपेठ

त्या मसुद्यात ताडपत्रीचेही एक कलम घालावे.